“संस्था म्हणजे कोणती, मॅडम?”

एमबीएच्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला होता: नवीन काही करून बघायला कंपनीची साथ आहे, असं कामगारांना वाटतं का? कारखाना भोसरीतला, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. प्रश्नावली स्कॉट आणि ब्रूस या संशोधकांची, 1994 सालची. 22 विधानं, प्रत्येकाला 1 (अजिबात पटत नाही) ते 5 (पूर्ण पटतं) गुण. 16 विधानं पाठिंब्याबद्दल, 6 वेळ, पैसा, माणसं मिळतात का याबद्दल.

मराठी मीच केलं. ‘ही संस्था बदलास अनुकूल आहे’ वाचून एका ऑपरेटरनं विचारलं, “संस्था म्हणजे कोणती, मॅडम? पतसंस्था?” त्याचं बरोबरच होतं. घरी जाऊन सगळं पुन्हा लिहिलं, ‘आपल्या कंपनीत’ असं. मग मूळ प्रश्नावली न पाहिलेल्या मैत्रिणीकडून ते परत इंग्रजीत करून घेतलं आणि मूळाशी ताडून पाहिलं.

पहिले फॉर्म लाइनवरच भरून घेतले, सुपरवायझर शेजारी उभे. बहुतेकांनी वरपासून खालपर्यंत 4 वर खूण केली. ‘वेगळं काही केलं तर इथं माणूस अडचणीत येतो’ यालाही 4! अशी उलटी विधानं मुद्दाम घातलेली असतात, त्यांचे गुण 6 मधून वजा करून मोजायचे असतात. ते केल्यावर आल्फा, म्हणजे उत्तरं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, साधारण 0.7 तरी हवा, त्याच्या बराच खाली गेला, म्हणजे उत्तरांचा आपसात मेळच नव्हता. ते सगळे फॉर्म मी बाजूला ठेवले.

दुसऱ्यांदा कँटीनमध्ये बसवलं. नाव नाही, टोकन नंबर नाही, फॉर्म घडी घालून कुलूपबंद डब्यात. या वेळी खुणा विखुरलेल्या आल्या. सगळ्यात कमी गुण वेळेच्या विधानाला. जेवताना एकानं स्वतः जोडलेली लोखंडी पट्टी दाखवली. तिच्यामुळे जॉब, म्हणजे मशीनवर लावलेला भाग, सरकत नाही. ड्रॉइंगमध्ये नाही म्हणून ऑडिट आलं की ती लॉकरमध्ये जाते. सूचनाफलकावर मात्र कायझेनचे, म्हणजे कामातल्या छोट्या छोट्या सुधारणांचे, आकडे भरघोस होते. मला त्या फलकापेक्षा ती पट्टी जास्त खरी वाटते.

अहवालात एका लाइनची सरासरी बाकीच्यांपेक्षा फार खाली होती. तिथं माणसं इतकी कमी की कोण काय म्हणालं ते सहज कळलं असतं. म्हणून ती शेजारच्या लाइनमध्ये मिळवून दाखवली. व्यवस्थापकांनी दोनदा विचारलं, “नेमकी कोणती लाइन?” कँटीनमध्ये शब्द दिला होता, सर, एवढंच सांगितलं.