प्लांटेड टँकमधील गाळ: प्रवाह बदलल्यानंतरची नोंद

मागच्या नोंदीपासून माझ्या प्लांटेड टँकमध्ये, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या माशांच्या टाकीत, एकाच प्रश्नावर काम चालू आहे: गाळ साचणारच असेल, तर तो कोठे साचू द्यायचा?

माशांची विष्ठा, उरलेले खाद्य, गळालेली पाने आणि या सगळ्यावर वाढणारे जिवाणू मिळून तयार होणारा हा हलका तपकिरी थर प्लांटेड टँकमधून पूर्णपणे नाहीसा करता येत नाही आणि तसा प्रयत्नही करू नये, या मतावर मी आता ठाम आहे. क्रिप्टोकोरिन किंवा एकिनोडोरस यांसारख्या, मुळांवाटे भरपूर पोषण घेणाऱ्या वनस्पतींच्या बुडाशी तो कुजला, तर त्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस त्यांच्याच कामी येतात. तोच थर मॉन्टे कार्लो या जमिनीलगत पसरणाऱ्या वनस्पतीच्या बुटक्या गालिच्यावर बसला, की खालच्या पानांचा प्रकाश अडतो, कुजण्याच्या क्रियेत ऑक्सिजन खर्च होतो, अमोनिया सुटतो आणि अशा कोंडलेल्या जागी निळे-हिरवे शेवाळ, म्हणजे खरे तर सायनोबॅक्टेरिया, पसरू लागतात.

म्हणून आधी प्रवाह तपासला. पिपेटने थोडा गाळ ठिकठिकाणी उडवून त्याचे कण कोठे जातात आणि कोठे खाली बसतात हे पाहिले, तेव्हा मधल्या लाकडावर आदळून पाण्याचा जोर तिथेच संपत असल्याचे स्पष्ट झाले. आता आऊटलेट, म्हणजे फिल्टरमधून पाणी टाकीत सोडणारे तोंड, टाकीच्या आखूड बाजूला घेतला आहे. पाणी समोरच्या काचेलगत लांबवर जाते, पलीकडे वळते आणि मागच्या बाजूने इनटेककडे, म्हणजे पाणी फिल्टरमध्ये ओढणाऱ्या तोंडाकडे, परतते. प्लांटेड टँकसाठी तासाला टाकीच्या पाच ते दहापट पाणी फिरावे असे सर्वसाधारणपणे मानतात. परंतु फिल्टरच्या खोक्यावरचा आकडा बहुधा रिकाम्या फिल्टरचा असतो, आणि स्पंज, मीडिया (फिल्टरमध्ये भरलेले गाळणीचे साहित्य) व पाइपची उंची धरली तर प्रत्यक्ष प्रवाह बराच कमी भरतो. आऊटलेटखाली मोजलेले भांडे धरून ते भरायला किती सेकंद लागतात हे प्रत्येकाने एकदा पाहावेच.

या बदलानंतर बहुतेक गाळ समोरच्या उजव्या कोपऱ्यातील मोकळ्या वाळूवर जमू लागला आहे, आणि मला हेच हवे होते. बारीक वाळूवर तो वरच राहतो, जाड खडीत मात्र फटींतून आत उतरतो. दर आठवड्याला सुमारे एक तृतीयांश पाणी बदलताना तिथूनच सायफन लावते वेळी ६ मिलिमीटरची नळी वापरतो आणि तिचे तोंड वाळूच्या किंचित वर धरतो. बारीक नळीतून पाणी सावकाश उतरत असल्यामुळे ठरलेले पाणी संपण्याआधी सगळा कोपरा निवांतपणे साफ होतो. अ‍ॅक्वासॉइलमध्ये, म्हणजे वनस्पतींसाठीच्या दाणेदार मातीत, सायफन खुपसणे मी टाळतो, कारण त्याचे दाणे फुटून पाणी गढूळ होते आणि माती नवी असेल तर तिच्यातील अमोनियाही पाण्यात येतो.

फिल्टरमध्ये अडकलेला गाळ दिसेनासा होतो, पण तो पाण्याच्या संपर्कातच असतो आणि तिथेही कुजतच राहतो. त्यामुळे इनटेकवरचा स्पंज दर पाणीबदलाला आणि आतला स्पंज प्रवाह मंदावताच, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घेतो. नळाच्या पाण्यातील क्लोरिन उपयुक्त जिवाणूंना मारक ठरते. मलेशियन ट्रम्पेट गोगलगायी वाळू हलवत राहतात आणि कोळंबी पानांवरचा थर खाते, हे खरे असले तरी त्यांच्या खाण्याने गाळ मुख्यतः अधिक बारीक होतो, टाकीबाहेर जात नाही. बाहेर काढण्याचे काम आपलेच आहे. छाटणीनंतर तरंगणारे तुकडे आणि पिवळी पडलेली जुनी पाने लगेच उचलली, तर पुढचा पुष्कळसा गाळ तयारच होत नाही.

गालिच्याच्या समोरच्या भागात नवे धुमारे आता जमिनीलगत पसरत आहेत, आणि काचेवर वळवळणारे बारीक पांढरे कृमीही कमी दिसतात. लाकडाच्या मागची जागा मात्र अजून सुधारलेली नाही. तिथे पाणी जवळजवळ थांबते, आणि आणखी एक पंप बसवून माशांना सततच्या जोराच्या प्रवाहात ठेवणे मला पसंत नाही. पुढच्या मोठ्या छाटणीच्या वेळी लाकूड दोन चपट्या दगडांवर उचलून त्याच्या खालून पाण्याला वाट करून देणार आहे, आणि त्यानंतर पिपेटची तीच चाचणी पुन्हा घेईन.