मोठ्या आवाजाच्या मैफलीत कान कसे जपावेत

सोलापुरात गणेशोत्सवापासून मोठ्या आवाजाचे दिवस सुरू होतात, ते जानेवारीत होम मैदानावर भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत आणि पुढे शिवजयंती व आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांपर्यंत चालतात. मधल्या काळात मैदानांवरचे ऑर्केस्ट्रा, नामवंत गायकांचे लाइव्ह कार्यक्रम, महाविद्यालयांची स्नेहसंमेलने आणि लग्नाच्या वराती असतातच. मला संगीत प्रत्यक्ष समोर बसून ऐकायला मनापासून आवडते. हजार माणसांनी एकाच वेळी समेवर माना डोलावणे किंवा ओळखीच्या गाण्याचा पहिला सूर लागताच सगळे मैदान उठून उभे राहणे हा अनुभव घरच्या स्पीकरवर मिळत नाही. म्हणून हे लेखन कार्यक्रमांच्या विरोधात नाही; कार्यक्रमांना अनेक वर्षे जात राहता यावे, यासाठी ते आहे.

कार्यक्रमाहून घरी परतल्यावर कानाला दडे बसलेले असणे, अंथरुणावर पडल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहणे, घरच्यांचे बोलणे लांबून आल्यासारखे वाटणे हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की त्याची कोणी दखल घेत नाही. ‘सकाळपर्यंत मोकळे होतील’ असे म्हणून सगळे झोपी जातात आणि बहुतेक वेळा कान एक-दोन दिवसांत मोकळे होतातही. परंतु हे दडे म्हणजे कानाच्या आत झालेल्या इजेचे लक्षण असते. आंतरकर्णात सुमारे अडीच वेढ्यांची एक शंखाकृती नळी असते आणि तिच्यात प्रत्येक कानात सुमारे १५,००० केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनाने या पेशींवरचे सूक्ष्म केस हलतात आणि त्या हालचालीचे रूपांतर मेंदूकडे जाणाऱ्या संदेशात होते. आवाज फार मोठा असला की या पेशी थकतात, म्हणून तात्पुरते कमी ऐकू येते. तोच मारा पुन्हा पुन्हा झाला की त्या मरतात. त्वचेची जखम भरून येते, पण माणसाच्या कानातील मेलेली केशपेशी पुन्हा उगवत नाही आणि तिच्यासाठी कोणतेही औषध आज उपलब्ध नाही.

कान मोकळे झाले म्हणजे सारे पूर्ववत झाले, ही समजूतही तपासून घ्यावी लागेल असे संशोधन झालेले आहे. अमेरिकेतील शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ साली उंदरांवरील आपला प्रयोग प्रसिद्ध केला. मोठा आवाज ऐकवलेल्या उंदरांचे ऐकणे काही दिवसांनी तपासणीत पूर्ववत झालेले दिसत होते, परंतु केशपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे अनेक दुवे मात्र कायमचे नाहीसे झालेले होते. माणसांच्या बाबतीत हे कितपत घडते यावर अजून अभ्यास चालू आहे. तरीही, शांत खोलीत सगळे नीट ऐकू येणाऱ्या माणसाला गर्दीत समोरच्याचे बोलणे का उमगत नाही, याचे एक संभाव्य कारण येथे दिसते.

सोलापूरला हा विषय नवा नाही. माझे वडील पूर्व भागातील एका यंत्रमाग कारखान्यात चादरीच्या मागावर काम करत असत. लहानपणी मी त्यांचा डबा घेऊन जात असे, तेव्हा आत कोणीही तोंडाने बोलत नसे, कारण बोलून उपयोगच नव्हता. सूत तुटले, कांडी संपली, जेवायला चला हे सगळे हातवाऱ्यांवर आणि ओठांच्या हालचालीवर चालायचे, आणि माग बंद करून बाहेर आलेली माणसे चहाच्या टपरीवरही ओरडूनच बोलायची. आज वडिलांना आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. भाजीवाल्याने ‘साठ’ म्हटले की त्यांना ‘आठ’ ऐकू येते. नातीचे बारीक आवाजातील बोलणे त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही आणि सणाला घर भरले की ते हळूच बाजूच्या खोलीत जाऊन बसतात. मोठ्या आवाजाने होणारे नुकसान साधारण ४००० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या) आसपासच्या उंच पट्टीत आधी सुरू होते. स, श, फ यांसारख्या व्यंजनांचा बराचसा आवाज याच उंच पट्टीत असल्यामुळे ती आधी हरवतात, आणि स्वर ऐकू येत राहिल्यामुळे आपले ऐकणे कमी झाले आहे हे त्या माणसाच्या लवकर ध्यानातच येत नाही. स्कॉटलंडमधील डंडी या शहरात ताग विणणाऱ्या स्त्रियांच्या श्रवणाचा एक अभ्यास १९६५ साली प्रसिद्ध झाला होता. मागावर काढलेल्या पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच उंच पट्टीतील नुकसानाचा मोठा भाग होऊन जातो, असे त्यात दिसले होते. मागाच्या खात्यातील आवाज ९५ ते १०० डेसिबलच्या घरात असतो आणि मोठ्या कार्यक्रमात स्टेजजवळ तेवढाच किंवा त्याहून अधिक आवाज असतो. मागाचा खडखडाट नकोसा वाटतो आणि गाणे हवेसे वाटते, हा भेद मनाला कळतो. केशपेशीला तो कळत नाही.

आवाजाची मोजणी थोडी समजून घेतली तर पुढचे सारे सोपे होते. डेसिबलचे माप सरळ रेषेत वाढत नाही. ३ डेसिबल वाढले की ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून अमेरिकेतील ‘नायॉश’ या व्यावसायिक आरोग्यसंस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास, ८८ मध्ये चार तास, ९१ मध्ये दोन तास आणि १०० डेसिबलमध्ये अवघी १५ मिनिटे एवढाच दिवसाचा वाटा धरला जातो. याचा अर्थ असा की स्टेजजवळ उभे राहणाऱ्याचा दिवसभराचा वाटा पहिल्या तीन-चार गाण्यांतच संपतो आणि कार्यक्रम तर पुढे तीन तास चालतो. आवाज किती मोठा आहे आणि त्यात आपण किती वेळ आहोत, या दोन्हींचा मिळून कानावर भार पडतो, हे एकदा लक्षात आले की तो भार कसा कमी करायचा हेही आपोआप सुचू लागते. मोबाइलवर आवाज मोजणारी ॲप मिळतात. त्यांचा आकडा अदमासाचा असतो, पण आपण धोक्याच्या किती जवळ आहोत हे कळण्यापुरता तो पुरेसा असतो. फोनही नको असेल तर हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावे लागते का, एवढे पाहावे.

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे इअरप्लग. ॲमस्टरडॅम येथे २०१५ साली एका संगीत महोत्सवात ५१ स्वयंसेवकांवर एक प्रयोग झाला. सरासरी १०० डेसिबलच्या आवाजात साडेचार तास राहिल्यानंतर, इअरप्लग न लावलेल्यांच्या ४२ टक्के कानांचे ऐकणे तात्पुरते कमी झालेले आढळले, तर लावलेल्यांमध्ये हे प्रमाण ८ टक्के होते. इतका ठळक फरक पाडणारी वस्तू औषधांच्या बऱ्याच दुकानांत मिळते आणि फोमची साधी जोडी तर चहा-नाश्त्याच्या पैशांत येते. आपल्याकडे अनेक जण कापसाचे बोळे घालतात. कापसाने आवाज जेमतेम कमी होतो आणि काळजी घेतल्याचे समाधान तेवढे मिळते, म्हणून कापूस मला धोक्याचाच वाटतो.

फोमचा प्लग नीट बसवणे मात्र शिकावे लागते. बहुतेकांचा प्लग कानाच्या तोंडाशीच अडकलेला असतो आणि मग ‘काही फरक पडत नाही’ अशी तक्रार ऐकू येते. हात स्वच्छ धुऊन प्लग अंगठा आणि बोटांमध्ये सावकाश लाटावा, त्याची सुरकुती नसलेली बारीक वात झाली पाहिजे. मग दुसरा हात डोक्यावरून पलीकडे नेऊन बाहेरच्या कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढावा, म्हणजे कानाचा मार्ग सरळ होतो. वात चटकन आत सरकवावी आणि बोटाने वीस ते तीस सेकंद तशीच धरून ठेवावी, तोवर फोम फुगून मार्ग भरून टाकतो. आरशात समोरून पाहिल्यावर प्लग बाहेर डोकावत असेल तर तो पुन्हा बसवावा. वेष्टणावर ३० किंवा ३३ डेसिबल असे छापलेले असले तरी प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून बराच कमी लाभ मिळतो. तरीही १०० डेसिबलचा आवाज ८० ते ८५ पर्यंत उतरला तर पूर्ण कार्यक्रम निर्धास्तपणे ऐकता येतो.

फोमची एक खरी अडचण आहे. तो उंच पट्टीचे आवाज जास्त अडवतो, त्यामुळे गाणे जाड चादरीआडून आल्यासारखे वाटते आणि रसिक माणूस पाच मिनिटांत तो काढून खिशात टाकतो. यासाठी संगीतकारांकरिता बनवलेले, आत फिल्टर असलेले प्लग मिळतात. ते सर्व पट्ट्यांचा आवाज जवळजवळ सारखाच कमी करतात, म्हणून तबल्याची शाई, बासरीतला श्वास आणि गायकाचे शब्द हे सारे आपापल्या जागी राहते आणि फक्त एकूण आवाज खाली येतो. ते महाग असले तरी धुऊन वर्षानुवर्षे वापरता येतात. खूप मोठ्या आवाजात कानाची यंत्रणा दबून जाते, आणि मला तर असे प्लग लावल्यावर गाण्याचे शब्द अधिक स्पष्ट ऐकू आले आहेत.

उभे कोठे राहावे हेही महत्त्वाचे आहे. मोकळ्या मैदानावर एकट्या स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. एकावर एक टांगलेल्या स्पीकरांच्या मोठ्या रांगांसमोर मात्र तो त्याहून सावकाश उतरतो. ध्वनिव्यवस्थापक आपले मिक्सर घेऊन जेथे बसतो त्याच्या आसपासची जागा मला सर्वांत चांगली वाटते, कारण तो जे ऐकून आवाज जुळवत असतो तेच आपल्याही कानी पडते. बंद सभागृहात भिंतींवरून आवाज परततो, म्हणून तेथे मागे सरकल्याचा लाभ कमी होतो. पेठांतल्या अरुंद रस्त्यांवरून स्पीकरच्या भिंती घेऊन मिरवणूक जाते तेव्हा दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे तसेच होते. दर तासाला पंधरा-वीस मिनिटे बाहेर पडून शांत जागी उभे राहिल्याने कानांना विसावा मिळतो.

लहान मुलांना खांद्यावर घेऊन स्पीकरसमोर नाचणारे पालक पाहिले की मला राहवत नाही आणि मी जाऊन बोलतो. मुलाला आपला त्रास सांगता येत नाही, ते कान झाकून घेते किंवा रडते, आणि आपण त्याला झोप आली असे समजतो. तान्ह्या मुलांना अशा ठिकाणी नेऊच नये. थोड्या मोठ्या मुलांसाठी डोक्यावरून बसणारे कानझाप असलेले मफ मिळतात. छोट्या मुलांना फोमचे प्लग देऊ नयेत, कारण ती ते तोंडात घालतात.

कायद्याचा आधार आहे, पण त्याची दिशा वेगळी आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर मोकळ्या जागेत ध्वनिक्षेपकाला बंदी आहे आणि राज्य सरकारला वर्षातील पंधरा दिवसांपर्यंत ती वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवता येते. रुग्णालये, शाळा आणि न्यायालयांच्या भोवती किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जातो. हे नियम शेजारी राहणाऱ्यांसाठी आवश्यकच आहेत. परंतु स्पीकरसमोर उभ्या असलेल्या श्रोत्याच्या कानांचा विचार त्यांत नाही. तो विचार जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली जाहीर केलेल्या मानकात आहे. कोणत्याही पंधरा मिनिटांची सरासरी १०० डेसिबलपेक्षा अधिक नसावी, आवाज सतत मोजला जावा, श्रोत्यांना इअरप्लग उपलब्ध असावेत आणि विसाव्यासाठी शांत कोपरा असावा, असे त्यात म्हटले आहे. तिकीट लावून कार्यक्रम करणाऱ्या आयोजकांना प्रवेशद्वारावर पाण्याच्या बाटल्यांशेजारी फोमच्या प्लगची पेटी ठेवणे मुळीच जड नाही.

गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा प्रश्न तर श्रोत्यांपेक्षा मोठा आहे. ‘एसी/डीसी’ या रॉक बँडचे गायक ब्रायन जॉन्सन यांना कायमचे बहिरेपण येण्याच्या धोक्यामुळे २०१६ साली दौरा अर्धवट सोडावा लागला. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये विषाणुसंसर्गानंतर आपले ऐकणे अचानक कमी झाल्याचे सांगितले. त्यांच्या आजाराचे कारण वेगळे होते, तरी त्याच निवेदनात त्यांनी तरुणांना मोठ्या आवाजातील संगीत आणि हेडफोन यांबद्दल सावध केले होते. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर थांबू नये, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, कारण त्यावरचे उपचार पहिल्या काही दिवसांतच अधिक उपयोगी ठरतात. कार्यक्रमानंतरची शिट्टी किंवा दडे दोन दिवसांत गेले नाहीत तरीही तपासणी करून घ्यावी.

आपल्या ढोल-ताशा पथकांतील आणि लेझीम मंडळांतील मुले-मुली उत्सवाआधी अनेक आठवडे रोज सराव करतात, आणि ताशाची कडकड ज्याच्या कानाशी असते त्याला मिरवणुकीतील कोणत्याही प्रेक्षकापेक्षा कितीतरी अधिक आवाज सोसावा लागतो. त्यांनी सरावापासूनच फिल्टरचे प्लग वापरावेत आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्यावी. ही तपासणी दुखत नाही, थोड्या वेळात उरकते, आणि तिचा जो आलेख हाती मिळतो तो जपून ठेवावा, कारण पुढच्या वर्षीचा आलेख त्याच्याशेजारी ठेवल्यावरच ४००० हर्ट्झपाशी रेषा खचू लागली आहे का, हे डॉक्टरांना वेळेत दिसते.