थंडीत गिअरबॉक्स तापायला वेळ लागतो

कडाक्याच्या थंडीत इंजिनाचा काटा मधोमध आला की गाडी तापली असं बरेच जण धरून चालतात. तापलेलं असतं फक्त इंजिन. पाणी ८० अंशांवर पोचलं तरी गिअरबॉक्सचं ऑइल २०-२५ अंशांवर रेंगाळत असू शकतं. म्हणूनच माझ्या ऑटोमॅटिक ट्रकला मी गिअरबॉक्सच्या तापमानाचं वेगळं गेज बसवून घेतलंय.

इंजिनात इंधन जळतं, गिअरबॉक्समध्ये काहीच जळत नाही. तिथलं ऑइल तापतं ते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) घुसळलं गेल्यामुळे, आणि पार्कमध्ये ही घुसळण नावापुरतीच असते. काही जुन्या गिअरबॉक्समध्ये तर पार्कमध्ये कन्व्हर्टरकडे ऑइल जातच नाही. त्यामुळे तासभर गाडी उभी ठेवून तापवण्यात मला अर्थ वाटत नाही. काही मिनिटं इंजिन चालवायचं, मग निघायचं. पण पाय हलका ठेवून.

सुरुवातीला गिअर उशिरा पडतात, थोडा झटका देऊन पडतात, आरपीएम चढे राहतात. हा बिघाड नव्हे. ऑइल थंड असताना गिअरबॉक्सचा कंट्रोलर कन्व्हर्टर लॉक होऊ देत नाही, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जात नाहीत, घुसळण चालू राहते आणि ऑइल लवकर तापतं. पुरेशी ऊब आली की कन्व्हर्टर लॉक होतो आणि त्याच वेगात आरपीएम अचानक थोडे खाली येतात. तो क्षण मी गेजवरच्या आकड्याशी ताडून बघतो. रोजचा आकडा ओळखीचा झाला की एखाद्या दिवशी वेगळं काही झालं तर लगेच कळतं.

खरा घोळ सेन्सर कुठे बसवलाय यात आहे. पॅनमधला (गिअरबॉक्सच्या तळाच्या भांड्यातला) सेन्सर साठलेल्या ऑइलचं तापमान दाखवतो, तेही सावकाश. कन्व्हर्टरमधून कूलरकडे, म्हणजे ऑइल थंड करणाऱ्या जाळीकडे, जाणाऱ्या नळीवरचा सेन्सर क्षणाक्षणाची खबर देतो. बर्फात चाक रुतलंय, पुढे-मागे करत गाडी काढायची चाललीय, किंवा लोड घेऊन चढावर अगदी हळू चाललोय, अशा वेळी नळीवर शंभरीपार आकडा दिसेल आणि पॅन अजून कोमटच असेल. बाहेर उणे २० आहे म्हणून गिअरबॉक्स तापणार नाही, हा समज इथे महागात पडतो. माझा सेन्सर पॅनमध्ये आहे, म्हणून अशा कामात आकडा चढायला लागला की मी तो उशिरा आलेला निरोप समजतो आणि न्यूट्रलमध्ये थांबून इंजिन थोडा वेळ चालू ठेवतो.

गेज घेताना त्याचा खालचा आकडा बघाच. काही काट्यांची सुरुवातच ४० अंशांपासून होते. हिवाळ्यात ज्या वेळी माहिती हवी, नेमका त्याच वेळी काटा ढिम्म. मी डिजिटल घेतलं.

जादा मोठा कूलर लावला असेल तर थंडीत ऑइल दिवसभर ५० च्या वर जात नाही, असंही होतं. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावणं मला पटत नाही, त्याने इंजिनाचीही हवा अडते. थर्मोस्टॅट असलेला बायपास बसवावा: ऑइल थंड असेपर्यंत ते कूलरला वळसा घालून परत येतं.

ऑइलची पातळीही मी गेज बघूनच मोजतो. कंपनीने सांगितलेलं तापमान येण्याआधी पातळी मोजायची पट्टी काढली तर पातळी कमी दिसते, माणूस वरून ऑइल ओततो, आणि तापल्यावर तेच फुगून फेसाळतं.