लेकराला साहेब विचारतात का?

बीडमध्ये वकिली करते म्हटल्यावर लग्नाच्या पंगतीतही हा प्रश्न मला गाठतो: "वकीलताई, लेकराला साहेब इचारतेत का, आईकडं ऱ्हायचं का बापाकडं?"

साहेब म्हणजे न्यायाधीश, आणि विषय आईबाप वेगळे झाल्यावर लेकराच्या ताब्याचा. इचारतेत. पण तुम्हाला वाटतं तसं नाही.

1890 च्या पालक आणि पाल्य कायद्याचं कलम 17 म्हणतं, की मूल समजून-उमजून पसंती सांगण्याइतकं मोठं असेल तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. वय कायद्यात दिलेलं नाही. त्यामुळे "नऊ पूर्ण झाली की पोरगं म्हणेल तसं" हे पारावरचं कलम. शेवटी बघायचं ते लेकराचं हित.

साहेब बहुतेकदा मुलाला चेंबरमध्ये घेतात. आईबाप, वकील सगळे बाहेर. जाणते न्यायाधीश 'कुणाकडं' हे विचारतच नाहीत. ताप आला की रात्री कोण उठतं, डबा कोण भरतं, शाळेत कोण सोडतं, एवढंच. पढवलेलं लेकरू तिथंच उघडं पडतं. आठ वर्षांच्या एका पोरानं घडाघडा सांगितलं होतं, "वडील माझे पालनपोषण करण्यास असमर्थ आहेत." बाहेर आल्यावर साहेबांनी समोरच्या वकिलांना विचारलं, "अर्जातला हा परिच्छेद कितवा, तिसरा ना?"

आमच्याकडची खरी अडचण वेगळीच. ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, त्याची गाडी दारात, दसरा-दिवाळी झाली की कोयता, म्हणजे नवराबायकोची जोडी, ऊस तोडायला निघाला. अशा घरातले नवराबायको ताब्यासाठी भांडतात आणि लेकरू वर्षातले सहा महिने असतं आजीकडं. एक पोरगी स्पष्ट म्हणाली, "दोघांकडंबी नको. आजीकडं. तिथून शाळा जवळ हाय." तिला हे आधी कुणी विचारलंच नव्हतं. आजीला पालकत्वासाठी अर्ज करता येतो. कायदा नातेवाइकालाच काय, मुलाच्या हितचिंतकालाही तो हक्क देतो.

मला खटकतो तो कलम 17 च्या 'विचारात घेऊ शकतं' मधला 'शकतं' हा शब्द. मुलांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारतानं 1992 मध्ये स्वीकारला. त्याच्या कलम 12 नुसार, मुलावर परिणाम करणाऱ्या कोणत्याही न्यायालयीन कामकाजात त्याचं म्हणणं ऐकून घेण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. 2015 च्या बाल न्याय कायद्यात तर ऐकलं जाणं हा मुलाचा हक्कच आहे, त्यामुळे निराधार, अडचणीतल्या मुलांचे निर्णय घेणाऱ्या बाल कल्याण समितीपुढं लेकरू नुसतं हजर करून भागत नाही. ताब्याच्या दाव्यात मात्र अजून साहेबांच्या मर्जीवर. बरेच जण विचारतात, हे खरंय. तरी कायद्यानं विचारायला लावावं, असं माझं मत.

बालविवाहाचं थोडक्यात सांगते, कारण तेही विचारता. लहानपणी लग्न लावून दिलेल्या पोरीला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत ते रद्द करून मागता येतं. म्हणजे वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत. हे पोरींना माहीतच नसतं.

आणि तारखेच्या आदल्या रात्री लेकराला काही शिकवत बसू नका. झोपू द्या. सकाळी पोटभर खायला घालून आणा, चेंबरमध्ये नंबर लागायला दुपार होते.