शिंप्याला आधी कळलं

माझ्या पाठीला बाक आलाय हे पहिल्यांदा सांगितलं ते आमच्या शिंप्यानं. "काकू, कुर्त्याची मागची बाजू इंचभर लांब घेतो, नाहीतर वर चढते." मी हसण्यावारी नेलं.

तेव्हा मी ६९ची. सारसबागेत सकाळी न थांबता तीन फेऱ्या व्हायच्या, त्या दीडवर आल्या. पाठीला बाक, आणि मी बसायला बाक शोधतेय! धाप लागत नव्हती, गुडघेही बरे. पण मांड्या भरून यायच्या. एका डॉक्टरांनी "वय झालं" म्हणून कॅल्शियम दिलं. ईसीजी, इको नॉर्मल.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिनं भिंतीला टाचा लावून उभं केलं. "आता डोकं टेकवा." टेकेना! चार बोटं अंतर राहिलं. एक्स-रेमध्ये पाठीच्या बाकाचा कोन ५२ अंश निघाला. ४०पर्यंत ठीक समजतात. दोन मणके पुढून दबून पाचरीसारखे झालेले. मी कधी पडले नव्हते, पाठ दुखल्याचंही आठवत नाही. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनमध्ये टी-स्कोअर उणे २.८, म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ झालेली. त्याची औषधं वेगळी सुरू झाली.

मग सहा मिनिटांच्या चालीची चाचणी, तेवढ्या वेळात किती अंतर चालते ते मोजायला. ३० मीटरचा पॅसेज, दोन टोकांना शंकू, पळायचं नाही. दमलात तर उभं राहा, घड्याळ मात्र थांबत नाही. मी दोनदा थांबले. २८५ मीटर.

"वाकल्यामुळे धडाचा भार पुढे जातो," ती म्हणाली. "तोल सांभाळायला पाठ आणि मांड्या प्रत्येक पावलाला जास्तीचं काम करतात. छातीलाही फुगायला जागा कमी." इतकं सरळ मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

खरा धक्का पुढेच होता. वीस वर्षं मी योगवर्गात अभिमानानं पायाच्या अंगठ्याला हात लावत होते. ते बंद! ठिसूळ मणके पुढे वाकताना आणखी दबतात म्हणे. त्याऐवजी पोटाखाली उशी घेऊन पालथं झोपायचं आणि छाती जरा उचलायची. दहा वेळा. पहिल्या दिवशी चारला दम संपला. खाली पडलेली वस्तू उचलायचीही नव्यानं शिकले, गुडघ्यात वाकून. केर काढायला लांब दांड्याचा झाडू आणला.

पाच महिन्यांनी तोच पॅसेज: ३४० मीटर, न थांबता. भिंतीशी अंतर तीन बोटं. दबलेले मणके काही पुन्हा फुलत नाहीत, त्यामुळे शिंपी अजून मागची बाजू जास्तच घेतो. फक्त आता मीच त्याला आठवण करते.