आंब्याच्या पट्ट्या आणि एसक्यूएलमधलं 'निव्वळ'

काकांची देवगडात हापूसची कलमं आहेत, पेट्या वाशी मार्केटला जातात, तिथून आलेल्या सगळ्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या, मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये भरून ठेवल्या. एसक्यूएल म्हणजे त्याला प्रश्न (क्वेरी) विचारायची भाषा. काकांचा प्रश्न एकच, "पेटयेमागे हातात किती रवले ता सांग."

म्हटलं सोप्पंय. पेट्या गुणिले भाव, त्याला नाव दिलं विक्री, मग भाडं, हमाली, खोका मिळून खर्च, आणि लगेच पुढे विक्री वजा खर्च म्हणजे निव्वळ. रन केलं तर एरर १०५४, विक्री नावाची कॉलमच नाही म्हणे. अरे, वरच्याच ओळीत दिलंय ना नाव!

तर भानगड अशी की सिलेक्टमध्ये (क्वेरीतला कुठल्या कॉलम दाखवायच्या ते सांगणारा भाग) आपण ठेवलेलं नाव त्याच सिलेक्टमधल्या शेजारच्या कॉलमला दिसत नाही. वेअर (कुठल्या ओळी घ्यायच्या ती अट) तर सिलेक्टच्या आधीच उरकतो, त्यामुळे तिथे 'निव्वळ शून्यापेक्षा कमी' लिहिलं तरी तोच एरर. ऑर्डर बायला (क्रम लावणारा भाग) मात्र दिसतं, कारण त्याचा नंबर सिलेक्टनंतर. ग्रुप बाय (गट पाडणारा) आणि हॅविंगमध्येही (गटांवरची अट) मायएसक्यूएल चालवून घेतं, एसक्यूएल सर्व्हर हा दुसरा डेटाबेस एवढे लाड करत नाही.

आणि एरर आला तर नशीब समजा. टेबलात आधीच खर्च नावाची कॉलम असेल तर क्वेरी गुपचूप तीच उचलते, आकडा चुकीचा आणि तक्रार काहीच नाही.

अख्खा फॉर्म्युला परत परत चिकटवला तर चालतं, पण हमालीत काही बदल झाला की दहा ठिकाणी शोधत बसा, मला नाही जमत ते. सबक्वेरी, म्हणजे कंसात घातलेली आतली क्वेरी, चांगली, फक्त कंसानंतर तिला नाव द्यायचं, नाहीतर एरर १२४८. मला विथ (आतल्या क्वेरीला आधीच नाव देऊन थराथराने लिहायची सोय) जास्त आवडलं, मायएसक्यूएल ८.० पासून आहे. पहिल्या थरात विक्री आणि खर्च, दुसऱ्यात निव्वळ, बाहेर निव्वळ भागिले पेट्या, आणि आता वेअरही बिनधास्त लावता येतो. काही पट्ट्यांत भाडं रिकामं होतं म्हणून निव्वळही नल, म्हणजे रिकामं, येत होतं, तिथे पहिल्याच थरात कोअलेस (रिकाम्या जागी आपण दिलेला आकडा धरणारं फंक्शन) घालून शून्य धरलं, पुढे कुठे हात लावावा लागला नाही.

काकांना आता डझनामागे हिशोब हवाय. पेटी चार डझनाची की पाच, हे पट्टीवरून मी भरलेलंच नाहीये, ती कॉलम आधी वाढवायची आहे.