मानशी किती? खाजनातल्या बिळांची मोजणी, दुसरा हंगाम

गेल्या वर्षीची नोंद मी मोठ्या आनंदात संपवली होती. खेकड्यांची बिळं मोजायला शेताच्या बांधाबाहेर ४० चौकटी टाकल्या, आत ४०, दोन गटांची तुलना करणारी मान-व्हिटनी चाचणी लावली, आणि पी-मूल्य (खरा फरक नसताना निव्वळ योगायोगाने इतका फरक दिसण्याची शक्यता) इतकं बारीक की संगणकाने ते दहाच्या ऋण घातांकात छापलं. तो निष्कर्ष मी मागे घेते आहे. का, आणि त्याच्या जागी काय आलं, ते इथे सविस्तर लिहिते, कारण आपल्यातले बरेच जण फुलपाखरं, बेडूक, शिंपले मोजतात आणि हीच चूक सगळीकडे दबा धरून असते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडं आधीचं. मी माशेलची. कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी आमची खाजनं आहेत, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतं. बांधात ठिकठिकाणी मानस असते, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारं दार. तिची लाकडी दारं भरतीच्या रेट्याने मिटतात आणि सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडतात. बाहेरच्या चिखलात फिडलर खेकड्यांची बिळं खच्चून भरलेली, आत तुरळक. डोळ्यांना तसं दिसतं तरी. ते खरं आहे का आणि फरक केवढा आहे, एवढाच माझा प्रश्न. प्लास्टिकच्या नळीची ५० सेंटिमीटर बाजूची चौकट टाकायची आणि आतली बिळं मोजायची. वेळ सुकतीच्या आसपासची. कालव्यात मगरी आहेत, त्यामुळे एकटीने उतरायचं नाही, हा नियम मी कधी मोडत नाही.

गेल्या वर्षीचे आकडे आमच्या गटातल्या एका ताईंना दाखवले. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांनी वही उलटसुलट चाळली आणि विचारलं, "चौकटी ऐंशी झाल्या गं, पण मानशी किती?"

एक. सगळ्या ऐंशी चौकटी एकाच मानशीच्या दोन अंगांना टाकलेल्या.

म्हणजे मी मोजला होता तो त्या एका जागेचा आत-बाहेरचा फरक. तो मानशीमुळे आहे, की तिथे बाहेर तिवराची सावली आहे म्हणून, की आत कुणीतरी गाळ उपसून टाकलाय म्हणून, हे ऐंशीच काय, आठशे चौकटींनीही कळलं नसतं. शेजारशेजारच्या चौकटी एकाच चिखलातल्या बहिणी. त्यांना स्वतंत्र साक्षीदार मानलं की पी-मूल्य खोटं बारीक होतं. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली परिसरशास्त्रातल्या प्रयोगांमधली हीच चूक उघडी केली आणि तिला कायमचं नाव दिलं, pseudoreplication. मराठीत मी तिला आभासी पुनरावृत्ती म्हणते. मानशीच्या परिणामाबद्दल बोलायचं तर माझा नमुना एकाचा होता.

मग जानेवारीत पाच मानशी घेतल्या. प्रत्येकीच्या बाहेर ८ चौकटी, आत ८, आणि दोन्हींकडची सरासरी. आता प्रत्येक मानस म्हणजे एक जोडी, म्हणून मान-व्हिटनी बाद, कारण ती दोन वेगळ्या, असंबंधित गटांसाठी आहे. जोड्यांसाठी विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रमांक चाचणी. फ्रँक विल्कॉक्सन हे पेशाने रसायनशास्त्रज्ञ. १९४५ च्या एकाच छोट्या लेखात त्यांनी असंबंधित गटांची आणि जोड्यांची अशा दोन्ही चाचण्या मांडल्या. पद्धत अशी: प्रत्येक जोडीतला फरक काढायचा, चिन्ह विसरून लहानापासून मोठ्यापर्यंत क्रमांक द्यायचे आणि मग उणे फरकांच्या क्रमांकांची बेरीज बघायची.

पाचही मानशींत बाहेर जास्त. याहून चांगला निकाल असूच शकत नाही. तरी पी-मूल्य आलं ०.०६२५, आणि फरक खरा मानायची रूढ मर्यादा ०.०५ च्या खालची.

मला वाटलं गणितात चूक झाली. चूक नव्हती. पाच फरकांना अधिक-उणे चिन्हं देण्याच्या रीती २ गुणिले २ असं पाच वेळा, म्हणजे ३२. सगळी अधिक ही त्यातली एक, सगळी उणे ही दुसरी. दोन भागिले बत्तीस, ०.०६२५. पाच जोड्यांवर ही चाचणी ०.०५ च्या खाली जाऊच शकत नाही, खेकड्यांनी काहीही केलं तरी. हे चिखलात उतरण्याआधी कागदावर दोन मिनिटांत कळलं असतं. सहा जोड्या असतील तर किमान २/६४, म्हणजे ०.०३१.

पुढचा मोह उघड होता: अजून दोन मानशी मोजू आणि यात मिळवू. ताईंनी अडवलं. निकाल बघून नमुना वाढवायचा, पुन्हा बघायचा, हवं ते येईपर्यंत वाढवत राहायचं, असं केलं की शंभरातल्या पाच चुकांची मर्यादा पाळली जात नाही. म्हणून त्या पाच मानशी सरावाच्या ठरवल्या आणि बाजूला ठेवल्या. नव्या सात निवडल्या आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहिलं: सात मानशी, प्रत्येकी ८ आणि ८ चौकटी, विल्कॉक्सन, दोन्ही बाजूंची (म्हणजे बाहेर जास्त किंवा आत जास्त, दोन्ही शक्यता धरून).

चौकट कुठे टाकायची हेही ठरवून घेतलं. वीस मीटरच्या दोरीवर संगणकाने दिलेल्या यादृच्छिक आकड्यावर, डोळ्यांना बिळं दिसतील तिथे नव्हे. नळीखाली आलेल्या बिळाचं काय? डावी आणि वरची कड धरायची, उजवी आणि खालची सोडायची. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणीच्या प्रयोगांत दाखवून दिलं होतं की फार लहान तुकडा घेतला तर उत्पन्न जास्तच येतं, कारण कडेवरची रोपं आत धरण्याकडे हात वळतो आणि तुकडा जितका लहान तितकी कड मोठी. माझी चौकट पाव चौरस मीटरची. पहिल्या हंगामात मी कडेवरचं प्रत्येक बीळ आत धरत होते.

आता आकडे. बाहेरची सरासरी वजा आतली, प्रति चौकट: ११.५, ७.२५, उणे १.५, ९, ४.७५, १४.२५, ६. उणे फरक एकच, आणि तोच सगळ्यांत लहान, म्हणून उणे क्रमांकांची बेरीज १. चिन्हांच्या १२८ रीतींपैकी इतकं किंवा याहून टोकाचं काही येण्याच्या रीती ४. पी-मूल्य ०.०३१. हे मी वहीत हाताने केलं आणि मग संख्याशास्त्राच्या आर (R) या संगणक प्रणालीत पडताळलं.

नुसती चिन्हं मोजली असती तर? सातात एक उणे, पी-मूल्य ०.१२५. फरक केवढा आहे ही माहिती फेकून दिली की इतकं नुकसान होतं. आणि गोसेट यांची १९०८ ची टी-चाचणी जोड्यांवर लावली तर टी ३.८२, पी-मूल्य ०.०१ च्या जरा खाली. ती चालली असती का? तिची अट फरकांच्या वितरणाबद्दल असते (ते साधारण घंटेच्या आकाराचं असावं), मूळ मोजणीबद्दल नव्हे. बिळांचे आकडे वाकडेतिकडे असले तरी सरासऱ्यांतले फरक बऱ्यापैकी सरळ वागू शकतात. ही अट तपासणाऱ्या चाचणीचा हवाला देऊन "शापिरो-विल्कने परवानगी दिली" असं मात्र म्हणू नका. सात आकड्यांवर ती चाचणी क्वचितच काही पकडते. मी आधी लिहिलेलीच चाचणी धरते. टीमधून एक गोष्ट तेवढी घेते, ९५ टक्क्यांचा पट्टा, म्हणजे खरा फरक ज्यात असावा असा अंदाज: सरासरी फरक ७.३ बिळं, पट्टा साधारण २.६ ते १२. माझ्यासाठी पी-मूल्यापेक्षा हा पट्टा मोलाचा, कारण मूळ प्रश्नच फरक केवढा असा होता. आणि बीळ म्हणजे खेकडा नव्हे, रिकामी बिळंही असतात, तेव्हा हे सगळं बिळांबद्दलच.

एक छोटी जोड. साठ नरांची मोठी नांगी, म्हणजे डेंगा, कुठल्या बाजूला ते पाहिलं: ३४ उजवे, २६ डावे. काय-वर्ग (अपेक्षित आणि प्रत्यक्ष मोजण्यांतली तफावत तपासणारी चाचणी) १.०७, पी-मूल्य ०.३०. निम्मे-निम्मे नाहीत असं म्हणायला काही आधार नाही. हेच टक्क्यांत घालून बघितलं तर काय-वर्ग १.७८ होतो, कारण चाचणीला वाटतं आपण शंभर खेकडे पाहिले. काय-वर्गाला नेहमी खऱ्या मोजण्या द्या.

उरली ती उणे मानस. तिथे मी पुन्हा गेले. राखण करणारे काका म्हणाले, "बाय, हिचं दार दोन पावसाळे मोडलेलं आहे. भरतीचं पाणी सरळ आत येतं." म्हणजे तिथे आत आणि बाहेर असं काही उरलंच नव्हतं. तिला गाळावं असं फार वाटलं. गाळलं असतं तर सहाच्या सहा अधिक, पी-मूल्य २/६४. पुन्हा ०.०३१च. पण पहिल्या पानावर सात लिहिलं होतं, तेव्हा सातच ठेवल्या. पुढच्या हंगामाच्या तक्त्यात मात्र एक रकाना वाढवला आहे, दार शाबूत की मोडकं, आणि तो चौकट टाकण्याआधी भरायचा आहे.